फिश टँकच्या मागचा रंग निवडताना या चुका टाळा

टाकी आणली, मासे सोडले आणि काचेतून मागच्या भिंतीची ओल, वायरी आणि पंपाची नळी दिसायला लागली, की दुकानात मिळेल ते चित्र आणून घाईने चिकटवलं जातं. गोल्डफिशच्या मागे समुद्रातली प्रवाळं येतात ती अशी. मागचा रंग ठरवायचा तो टाकीतल्या माशांकडे बघून. खोलीच्या रंगाचा विचार त्यानंतर.

निऑन टेट्रा, लाल गप्पी, गोल्डफिश आणि हिरवी झाडं काळ्यावर सगळ्यांत छान उठतात, शिवाय फिल्टरची नळीही लपते. काळी मॉली किंवा ब्लॅक मूर (काळ्या रंगाचा गोल्डफिश) पाळणाऱ्यांनी मात्र काळा घेऊ नये, मासाच दिसेनासा होतो. तिथे फिकट निळा किंवा राखाडी घ्या. चंदेरी एंजल माशाला गडद निळा शोभतो.

पांढरा शक्यतो टाळाच. आसपास उजळ असलं की बरेच मासे त्याच्याशी जुळवून घेतात. कातडीच्या रंगपेशींतलं काळं रंगद्रव्य आकसतं आणि मासा फिका दिसतो. मग आजार समजून पाण्यात औषध ओतलं जातं. आधी मागे काळा कार्डशीट लावून तीन-चार दिवस थांबा. रंग परतला तर औषधाची गरजच नव्हती. मासा पंख मिटून बसत असेल किंवा वर येऊन धापा टाकत असेल, तर दोष रंगाचा नाही. पाण्यातला अमोनिया तपासा.

मागे चिकटवायची आरशासारखी चकचकीत प्लास्टिक फिल्म फायटर माशाच्या टाकीला लावू नका. प्रतिबिंबाला दुसरा नर समजून तो दिवसभर कल्ले फुगवतो आणि दमतो.

कायमचं काही करण्याआधी काळा आणि निळा कार्डशीट दोन-दोन दिवस टेपने लावून, रात्री टाकीचा दिवा चालू ठेवून बघा. दिवसा दुकानात आवडलेला निळा पिवळसर दिव्याखाली मळकट दिसू शकतो. कार्डशीट फक्त चाचणीपुरता, कारण कोकणातल्या पावसाळी हवेत तो फुगतो आणि त्यावर बुरशी धरते.

फिल्म लावल्यावर सर्रास येणारी तक्रार म्हणजे चंदेरी डाग. फिल्म काचेला टेकलेली नसते, मधे हवा राहते आणि तिरकं बघितलं की तो भाग आरशासारखा चमकतो. उपाय सोपा आहे. काच धुऊन कोरडी करा, 24 × 12 इंचाच्या काचेला दोन चमचे ग्लिसरीन पसरा, फिल्म ठेवा आणि जुन्या प्लास्टिक कार्डाने मधून कडेकडे हवा काढत जा. घरात हाताशी असतं म्हणून खोबरेल वापरू नका. ते 24 अंशांच्या आसपास गोठतं, त्यामुळे थंडीतल्या पहाटे काचेमागे पांढरे ढग दिसतात. वरची कड आणि दोन्ही बाजू टेपने बंद करा. पाणी बदलताना ओघळ वरूनच आत शिरतात. खालची कड मोकळी सोडा, म्हणजे शिरलेलं पाणी अडकून राहणार नाही.

रंगच द्यायचा असेल तर टाकी रिकामी हवी. 24 × 12 × 12 इंचाच्या टाकीत 50 लिटरहून जास्त पाणी मावतं, त्यामुळे भरलेली टाकी सरकवण्याच्या फंदात पडू नका. रंग नेहमी बाहेरून द्या, आतून कधीच नाही. काच स्पिरिटने पुसा, सिलिकॉनच्या सांध्यांवर मास्किंग टेप लावा. 100 मिली ॲक्रिलिक इमल्शन आणि फोमचा छोटा रोलर पुरतो. पहिला हात पातळच द्या. तो चट्ट्यापट्ट्यांचा दिसेल, तिथे घाबरून जाड थर चढवू नका. जाड थर वरून सुकतो, आत ओला राहतो आणि सालासारखा सुटतो. चार तासांनी आडवा दुसरा हात, मग तिसरा. आतून दिवा धरून बारीक छिद्रं राहिलीत का ते बघा.

हे काम जून ते सप्टेंबर टाळा. त्या हवेत इमल्शन नीट वाळत नाही आणि काचेला धरत नाही. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात काढा. भिंत आणि टाकी यांत तीन-चार इंच अंतर ठेवा, म्हणजे चिऱ्याच्या भिंतीची ओल फिल्मपर्यंत पोचणार नाही आणि मागून कापड फिरवता येईल. रंग बिघडलाच तर काचेवरून ब्लेडने खरवडून निघतो. ॲक्रिलिकच्या टाकीवर मात्र ब्लेड चालवू नका, ओरखडे कायमचे राहतात.