पाय काढलेला कुत्रा घरी आल्यावर या चुका टाळा

रानडुकरांसाठी लावलेल्या फासकीत आमचा तांबू अडकला, तेव्हा तीन दिवस तो सापडलाच नाही. चौथ्या दिवशी तुटलेली वायर पायात घेऊन सरपटत खळ्यात आला. डावा पुढचा पाय कोपराखाली गार पडला होता, बोटं काळी झाली होती. डॉक्टरांनी हात लावून बघितलं आणि म्हणाले, पाय ठेवला तर कुत्रा राहणार नाही. ऑगस्टचा दुसरा आठवडा होता. बाहेर पावसाची झड आणि चतुर्थी तोंडावर.

त्यानंतरच्या महिन्यात आमच्या हातून ज्या चुका झाल्या, त्याच पुढे आजूबाजूच्या वाड्यांतल्या चार-पाच घरांत होताना पाहिल्या. कुणाचा कुत्रा हायवेवर गाडीखाली आलेला, कुणाचा आमच्यासारखाच फासकीतून आलेला. कारण वेगळं असलं तरी चुका त्याच, आणि बहुतेक मायेपोटी झालेल्या.

"थोडा तरी पाय ठेवा" असा हट्ट

ही चूक ऑपरेशनच्या आधीच होते. मीही डॉक्टरांना म्हटलं होतं, कोपरापर्यंत तरी ठेवा, टेकायला होईल. होत नाही. उरलेला खुंट कुत्रा टेकवायला जातो, तो चिऱ्याला, दगडाला आपटतो, कातडी सोलवटते आणि जखम कधी भरतच नाही. म्हणून पुढचा पाय बहुतेक वेळा खांद्यापासून, फऱ्यासकट (खांद्याच्या पसरट हाडासकट) काढतात आणि मागचा मांडीत वरच्या बाजूला किंवा खुब्यापासून. जयपूर फूट बसेल का, असंही लोक विचारतात. इतक्या वरून पाय काढल्यावर कृत्रिम पाय अडकवायला काही उरत नाही, आणि बहुतेक कुत्र्यांना त्याची गरजही पडत नाही. बरेच कुत्रे ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांत आपले आपण उभे राहतात. तांबू दुसऱ्या दिवशी सकाळी उभा राहिला, तोंडावर पडला, पुन्हा उभा राहिला. रडत आम्हीच होतो.

गुळगुळीत लादीवर ठेवणं

सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं, आणि घरात कुणाच्या ते लक्षातही येत नाही.

कुत्र्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो, ४० टक्के मागच्या. म्हणजे पुढचा एक पाय गेला की उरलेल्या एकाला बरंच जास्त ओझं पेलावं लागतं. तो एक पाय सटकला की सावरायला दुसरा नाही. छाती थेट जमिनीवर, आणि टाके असतात तिथेच.

आमच्या घराची पुढची खोली नवी, चकचकीत टाइल्सची. उबदार म्हणून तांबूला तिथे ठेवला. रात्रभर त्याच्या नखांचा टक-टक-सर्र असा आवाज येत होता. चालायची सवय करतोय, असं आम्ही समजलो. सकाळी खालचे दोन टाके उसवलेले. पुन्हा भूल, पुन्हा टाके.

नंतर नीट बघितलं तर तो स्वतःच सरकत सरकत मागीलदारच्या सारवलेल्या जमिनीकडे जायचा. तिथे तो घसरत नव्हता. शेणाने सारवलेली जमीन पायाला धरते. कोबा घासून गुळगुळीत झालेला असेल तर तोही टाइल्सइतकाच वाईट. त्याच्या झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत सलग पट्टा घाला: रबरी मॅट, जुनी सतरंजी, काथ्याचं पायपुसणं, काहीही, पण खालून न सरकणारं. मध्ये दोन हात लादी मोकळी राहिली की तो नेमका तिथेच पडतो. पावसाळ्यात गोणपाट ओलं राहून कुबट होतं, तेव्हा दोन ठेवा आणि आलटून पालटून वाळवा. पंजाच्या गाद्यांमधले केस वाढले असतील तर कातरा, नखं कापून घ्या. घराबाहेर चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं असेल तर ते खरवडल्याशिवाय त्याला खाली उतरवू नका.

माणसांची वेदनाशामक गोळी देणं

रात्री कुत्रा कण्हतो, दवाखाना चाळीस किलोमीटर लांब, आणि फडताळात क्रोसिन, ब्रुफेन, डायक्लोफिनॅक असतंच. हात तिकडे जातो. नका देऊ. ब्रुफेन आणि डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, त्याचा डोस चुकला तर यकृत जातं आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकदही कमी होते. डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅमसारखं औषध दिलेलं असताना वरून यातलं काही दिलं, तर धोका आणखी वाढतो.

उलट चूकही तितकीच होते. कुत्रा शांत पडलाय म्हणून दिलेलं औषध बंद करायचं. गावठी कुत्रा दुखणं लपवतो. बसल्या जागी धापा टाकणं, आडवं न होता बसूनच डुलक्या घेणं, अंगाला बारीक कंप, अन्नाकडे पाठ, ही सगळी दुखण्याचीच लक्षणं. गोळी ठरल्या वेळेला, पोटात दोन घास गेल्यावर द्या. उलट्या झाल्या किंवा डांबरासारखी काळी शी झाली, तर पुढची गोळी न देता डॉक्टरांना फोन करा.

आणखी एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. आठव्या-नवव्या दिवशी तांबू झोपेतून किंकाळी फोडून उठायचा आणि जो पाय नाही त्या बाजूकडे वळून वळून बघायचा. आई म्हणाली, "काय तरी दिसता तेका." पण कापलेल्या नसा मेंदूकडे दुखण्याचा निरोप पाठवत राहतात, तसं माणसांतही होतं. त्यासाठी वेगळं औषध असतं, बहुतेक वेळा गॅबापेंटिन. तेही डॉक्टरांकडूनच घ्या. माणसांच्या पातळ औषधांत गोडीसाठी कधी कधी झायलिटॉल घालतात, आणि ते कुत्र्याला विष आहे.

जखमेवर घरचे उपाय

शेजारच्या काकी रोज दारात यायच्या. "हळद चेप रे, दोन दिसांत सुकतला." त्यांची कळकळ खरी होती. पण टाक्यांवर हळद, खोबरेल, चुना, तंबाखू यांपैकी काहीही भरलं की खालून काय चाललंय ते दिसत नाही, आणि तेलकट थराखाली ओल साठते. टाके कोरडे आणि उघडे राहिलेले बरे, डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर मलमही नको. टाके निघेपर्यंत, म्हणजे १० ते १४ दिवस, आंघोळ नाही. समुद्राच्या पाण्याने जखम भरते म्हणून किनाऱ्यावर नेणारेही आहेत. खारं पाणी झोंबतं आणि वाळू टाक्यांत बसते. पूर्ण भरल्यावर, डॉक्टर हो म्हणाले की, शांत पाण्यात पोहणं मात्र उत्तम व्यायाम आहे.

कोकणातल्या पावसाळ्यात खरी भीती माशीची. हिरवी-निळी माशी ओल्या जखमेवर अंडी घालते आणि एका दिवसात त्यातून किडे निघतात. दिवसातून दोनदा, बॅटरीच्या उजेडात, टाक्यांची पूर्ण रेघ बघा. घाण वास, चिकट पाणी, तांदळाच्या कणीसारखे पांढरे ठिपके दिसले तर तडक दवाखाना. फिनेल, टर्पेंटाईन, डांबरगोळीची पूड घालू नका. किडे मरायच्या आधी कुत्रा ते चाटतो आणि विषबाधा होते. तांबूला आम्ही दुपारी बाळाच्या मच्छरदाणीत झोपवायचो आणि पंखा चालू ठेवायचो. वीज गेली की घरातलं कुणीतरी जवळ बसायचं.

मग घाबरायचं कधी नाही? पहिल्या आठवड्यात आजूबाजूची कातडी जांभळी-काळी पडते, तो रक्ताचा डाग खाली पोटाकडे उतरतो, दिसायला भयंकर दिसतो, पण हळूहळू पिवळा होऊन जातो. टाक्यांखाली मऊ, गार, पाण्याच्या पिशवीसारखी सूज आली तर बहुतेक वेळा ती आतल्या आत जिरते. डॉक्टरांना फोटो पाठवा, पण घरी सुई टोचून काढू नका. सूज गरम, कडक, दुखरी असेल किंवा वाढत असेल तर थांबू नका. हिरड्या पांढुरक्या पडणं, टाक्यांतून सतत रक्त गळणं, २४ तासांत लघवीच न होणं, यालाही सकाळची वाट बघायची नाही. शी मात्र दोन-तीन दिवस झाली नाही तरी चालतं, औषधांनी तसं होतं. अंगाला हात लावून ताप ठरवू नका. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं, आपल्या हाताला तो कायम तापलेलाच लागतो.

गळ्यातलं नरसाळं काढणं

"जीव घुसमटतो बिचाऱ्याचा" म्हणून काढतात, आणि पाच मिनिटांत दोन टाके चाटून मोकळे. टाके निघेपर्यंत नरसाळं, म्हणजे चाटू नये म्हणून गळ्यात घालतात तो कोन, राहू द्या. जेवताना काढलं तर समोरून हलू नका.

पुढचा पाय गेलेल्या कुत्र्याच्या बाबतीत नरसाळं पुरत नाही. तो जखम चाटत नाही, मागच्या पायाने खाजवतो. यावर आम्हाला उपाय सापडला तो भाच्याच्या जुन्या टी-शर्टचा. डोकं गळ्यातून, उरलेला पाय एका बाहीतून, दुसरी बाही शिवून टाकायची, आणि कमरेकडे सैल गाठ. सुती हवा, रोज बदलायला हवा. पावसात कपडे वाळत नाहीत, तेव्हा घालण्याआधी इस्त्री फिरवून पूर्ण कोरडा करायचा.

उचलून फिरवणं, किंवा एकदम मोकळं सोडणं

पहिले दोन आठवडे दोरी लावून, पाच-पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, फक्त शी-लघवीपुरतं फिरवायचं. पायऱ्या नाहीत, उड्या नाहीत, दुसऱ्या कुत्र्यांशी मस्ती नाही. पण दर वेळी उचलूनही नेऊ नका, नाहीतर उरलेले पाय तयार होत नाहीत. पायरी असेल तिथेच आधार द्या. मागचा पाय गेला असेल तर जुना टॉवेल पोटाखालून घेऊन दोन्ही टोकं वर धरायची. नर असेल तर टॉवेल लघवीच्या जागेवर येऊ देऊ नका. पुढचा पाय गेलेल्याला गळपट्टा लावून ओढू नका, टाके निघाल्यावर अंगातला पट्टा (हार्नेस) घ्या. उचलावंच लागलं तर एक हात छातीखाली, एक मागच्या मांड्यांखाली. काखेत धरून कधीच नाही. भांडं जमिनीवर ठेवलं की एका पायावर वाकताना तो पुढे कलंडतो. आम्ही अर्धा चिरा ठेवून त्यावर भांडं ठेवलं.

मागचा पाय गेलेला नर पाय वर करायला जातो आणि पडतो. थोड्याच दिवसांत तो उभ्या उभ्या करायला शिकतो, त्याला ओरडू नका.

रात्री पडवीत बांधू नका. आपल्याकडे बिबट्या वाडीत येतो तो बहुतेकदा कुत्र्यासाठी, आणि नुकताच पाय गेलेल्या कुत्र्याला पळता येत नाही. रस्त्यावरचा कुत्रा असेल तर टाके काढले त्याच दिवशी पुन्हा सोडून देण्याची घाई करू नका. त्याला वळता येतंय, गाडी बघून बाजूला होता येतंय, एवढं आधी दिसलं पाहिजे.

लाडाने खाऊ घालणं

चतुर्थीला घर चाकरमान्यांनी भरलेलं. येणारा प्रत्येक जण तांबूला बघून हळहळायचा आणि काहीतरी पुढे करायचा. आईचं रोजचंच, "तेका भूक लागली आसतली रे, दोन घास जास्त घाल." मोदक, खिरापत, वड्याचा तुकडा. मोदकाच्या सारणात आणि खिरापतीत मनुका असतात. मनुका आणि द्राक्षांनी कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात, हे मला पाचव्या दिवशी कळलं, तो तीन वेळा ओकल्यावर. सलाइनवर निभावलं.

पण मनुका नसल्या तरी वजन हाच पुढच्या आयुष्याचा प्रश्न आहे. चार पायांचं ओझं तीन पायांवर आलंय, त्यात दोन किलो आणखी चढवले की सांधे लवकर झिजतात. फिरणं कमी झालेलं असताना भाताचा गोळा तेवढाच राहतो, तिथे वजन वाढतं. भात कमी, उकडलेलं अंडं किंवा काटे काढलेला बांगडा, थोडा भोपळा. बरगड्यांवरून हात फिरवा: दाबल्याशिवाय एकेक बरगडी हाताला लागली पाहिजे.

उरलेल्या पायांकडे दुर्लक्ष

जखम भरली, केस आले, सगळे निश्चिंत होतात. पुढे कधी तो लंगडला, पाय टेकेनासा झाला, तर "चार दिवस बघू" म्हणू नका. चार पायांच्या कुत्र्याला एक पाय वर धरून चालता येतं, याला ती सोय नाही. काटा, फाटलेलं नख, बोटांमधली गोचीड, सगळं बघा. काही सापडलं नाही आणि अंगात मरगळ असेल तर रक्त तपासा, गोचीड-तापातही सांधे धरतात. गाव आडबाजूला असेल तर सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांक घरात लिहून ठेवा आणि जवळच्या दवाखान्याची वेळ आधीच विचारून ठेवा.

तांबू आता पोफळीच्या बागेत पाटाच्या कडेकडेने धावतो. रोज संध्याकाळी खळ्यात आला की मी त्याचा उजवा पुढचा पंजा धुतो, बोटांमधला चिखल काढतो आणि फडक्याने कोरडा करतो. गादीला भेग दिसली तर दुसऱ्या दिवशी बाग बंद.