परदेशी नाणी जमवताय? या चुका टाळा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या नाण्यांच्या पथारीपाशी उभं राहिलं की एक प्रश्न हमखास कानावर येतो: परदेशी नाणी घ्यावीत की नाही? नको म्हणणाऱ्यांची कारणं खरी आहेत. पसारा आवरत नाही, लिपी वाचता येत नाही आणि विकायला काढली तर गिऱ्हाईक सहज मिळत नाही. मी घेतो, पण मोजकीच. न घेणाऱ्यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. राग येतो तो नाण्याकडे नीट न बघता ‘हे आपलं, हे परकं’ असं ठरवून मोकळं होणाऱ्यांचा.

दोन वर्षांपूर्वी डिचोलीचा एक कॉलेजातला मुलगा बिस्किटांचा डबा घेऊन घरी आला. आजोबांच्या पेटीतली नाणी. “काका, गोव्याची तेवढी ठेवली, परदेशी कचरा काढून टाकला,” म्हणाला आणि सगळ्यात वरचं नाणं माझ्या हातावर ठेवलं. त्यावर २$५०. “पोर्तुगीज काळातला डॉलर आहे ना हा?”

मी त्याच्या हातात भिंग दिलं. एस्कुदो म्हणजे पोर्तुगीजांचं चलन, सेंतावो त्याचा शंभरावा भाग. त्या दोन आकड्यांच्या मधे पोर्तुगीज लोक ते चिन्ह लिहीत, डॉलरचा त्याच्याशी संबंध नाही. ढालीवर बाणांचा जुडगा होता आणि कडेला अक्षरं होती ‘मोसांबिक’. गोव्याच्या १९५८-५९च्या नाण्यांवर ‘इश्तादु द इंडिया’ असतं आणि ढालीत चाक असतं. ते संत कातारिनाचं चाक, कारण पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कने गोवा घेतला तो २५ नोव्हेंबर १५१० हा तिच्या सणाचा दिवस होता. अडीच एस्कुदोचं नाणं आपल्याकडे कधी निघालंच नाही. इथे १, ३ आणि ६ एस्कुदोंची नाणी होती. सहाचा आकडा विचित्र वाटतो, पण १९५८ साली गोव्याचं जुनं चलन रुपिया जाऊन एस्कुदो आला तेव्हा एका रुपियाचे सहा एस्कुदो धरले होते. लोकांच्या ओळखीचा रुपियाच नव्या नावाने आला.

“आणि काढून टाकलेली कसली होती?”

“भोकाची. इंग्रजी लिहिलेलं होतं. भंगारवाल्याला दिली.”

खोदून विचारल्यावर आठवलं, भोकाच्या दोन बाजूंना हत्तीचे सुळे होते. म्हणजे ब्रिटिश पूर्व आफ्रिकेचे सेंट. घरी जाऊन त्याने आजीला विचारलं. आजोबा आधी केनियातल्या मोंबासाला दुकानात कामाला होते, मग मोझांबिकमधल्या लोरेंसु मार्किशला, म्हणजे आजच्या मापुतोला गेले. हे नातवाला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं, आणि डब्यात ते सगळं पडून होतं. बाजारात तसली नाणी स्वस्तात मिळतील, पण आजोबांनी खिशातून आणलेली परत कुठून आणायची?

घाईने नाणी वेगळी काढणं ही पहिली चूक. म्हणून घरातला डबा सापडला की मी महिनाभर त्यातलं काहीच वेगळं काढत नाही. आधी घरातल्या म्हाताऱ्यांपाशी बसतो, कोण कुठे होतं ते वहीत लिहून घेतो. कॅटलॉग त्यानंतर.

दुसरी चूक नाण्यावरच्या सालावर डोळे मिटून विश्वास ठेवण्याची. ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिच्या थालर नावाच्या चांदीच्या नाण्यावर कायम १७८० असतं. राणी त्या साली वारली, पण अरबस्तानात आणि इथिओपियात लोकांना तेच नाणं हवं असायचं, म्हणून तेच साल घालून ही नाणी पुढेही पाडत राहिले. १९४०-४१मध्ये तर मुंबईच्या टाकसाळीतही पाडली. आता सांगा, हे नाणं परदेशी की आपलं? घेण्याआधी वजन करा, २८ ग्रॅम भरायला हवं. काटा नसेल तर त्या दिवशी घेऊ नका. पुढचा शुक्रवार येतोच.

नाणं घासू नका. शेजारच्या वहिनींनी मला बरं वाटावं म्हणून माझा १९०१चा पाव तांगा, म्हणजे पोर्तुगीज गोव्याचं तांब्याचं नाणं, कोकमाच्या सोलांनी लखलखीत केला, तांब्याची भांडी करतात तसा. शंभर वर्षांचा चॉकलेटी रंग गेला, खाली कच्च्या मांसासारखं गुलाबी तांबं उघडं पडलं आणि राजाच्या गालावर घासल्याचे ओरखडे. त्यांना काय बोलणार? पण इंटरनेटवर बघून लिंबू, टूथपेस्ट लावणाऱ्या मुलांना मी बोलतो, आणि कडक बोलतो. माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात दोन दिवस बुडवून ठेवा, मग मऊ कापडावर ठेवून टिपून घ्या. एवढंच.

‘शंभर देश, शंभर नाणी’ अशी पाकिटं घेऊ नका. ती दुसऱ्याने जमवलेली असतात.

शंभर वर्षांवरचं नाणं परदेशातल्या गिऱ्हाइकाला पोस्टाने पाठवू नका. १९७२च्या पुरावस्तू कायद्याने तो गुन्हा आहे.

आणि गोव्याचा पाऊस. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटांत ठेवलेल्या नाण्यांवर हिरवा चिकट थर धरतो. कडेला गंज दिसलाच तर ते नाणं बहुधा तांब्याचा मुलामा दिलेलं पोलादी असतं, ब्रिटनचे १९९२ नंतरचे पेनी तसेच आहेत. लोहचुंबक लावून बघा आणि ती वेगळ्या डब्यात ठेवा. माझे डबे जूनच्या आधी सिलिका जेल घालून बंद होतात, ते गणेश चवथ झाल्यावर, कोरडं ऊन पडलं की उघडतात. मधे कोणी कितीही आग्रह केला तरी मी दाखवत नाही.