जंत, जिआर्डिया, हिवताप: वस्तीतल्या जागृतीत या चुका टाळा

दाटीच्या वस्तीत परजीवींबद्दल बोलायचं ठरलं की एकच फलक निघतो: हात धुवा, पाणी उकळा, परिसर स्वच्छ ठेवा. यातलं काहीच खोटं नाही. पण हा फलक वाचून अनवाणी पायातून शिरणारा हुकवर्म थांबत नाही, उघड्या पिंपात वाढणारा डासही थांबत नाही. प्रत्येक परजीवीची माणसाच्या शरीरात यायची वाट वेगळी असते. ती वाट न सांगता दिलेला सल्ला लोक ऐकतात, मान डोलावतात आणि घरी जाऊन विसरतात. ज्या चुकांनी सर्वांत जास्त मेहनत वाया जाते, त्या इथे आधी घेतल्या आहेत.

चूक: सगळ्यांना एकच नाव, ‘पोटात जंत’

मोठ्या गोल जंताची मादी दिवसाला सुमारे 2 लाख अंडी घालते. ताज्या विष्ठेतल्या अंड्यांनी लागण होत नाही. ओलसर, सावलीच्या मातीत ती 2 ते 4 आठवडे पिकावी लागतात आणि मग तिथे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून ज्या बोळात महिन्यापूर्वी मूल शौचाला बसलं, तो आज दिसायला स्वच्छ असला तरी तिथल्या मातीत खेळणाऱ्याच्या नखांतून अंडी तोंडात जातात. ‘घाण दिसली की दूर राहा’ हा सल्ला इथे नेमका फसतो.

हुकवर्म तोंडातून येण्याची वाटच बघत नाही. त्याची अंडी मातीत फुटतात, साधारण 5 ते 10 दिवसांत अळी तयार होते आणि ती पायाच्या कातडीतून आत शिरते. तिला साबण नाही, चप्पल अडवते. याउलट सुतासारखे बारीक पांढरे जंत, ज्यांनी मुलांना रात्री गुदद्वाराशी खाज सुटते, त्यांना मातीची गरजच नसते. त्यांची अंडी काही तासांतच लागण करू शकतात आणि अंथरुण, चड्डी, नखं यांवरून घरभर फिरतात. जिआर्डिया हा तर जंतच नव्हे. तो एकपेशीय असतो, विष्ठेतून बाहेर पडतानाच लागण करू शकतो आणि मुख्यतः पाण्यातून किंवा हातांवरून पोटात जातो.

मोहिमेआधी जवळच्या प्रयोगशाळेत किंवा आरोग्य केंद्रात विचारा की या भागातल्या नमुन्यांत काय सापडतं. मग दोनच संदेश निवडा. सात संदेशांचा फलक कुणी शेवटपर्यंत वाचत नाही.

चूक: गोळी दिली की काम संपलं

अल्बेंडाझोल या जंतनाशकाची 400 मिलिग्रॅमची एक गोळी गोल जंतावर उत्तम चालते, हुकवर्मवर बऱ्यापैकी, पण व्हिपवर्मवर (चाबकासारखा दिसणारा जंत) एका मात्रेचा उपयोग कमी. जिआर्डिया आणि अमीबा या एका गोळीने जात नाहीत, त्यांची औषधं वेगळी आहेत. ‘जंताची गोळी दिली तरी जुलाब थांबत नाहीत’ ही तक्रार आली की गोळीला नावं ठेवण्याआधी मलतपासणी करून घ्यायला सांगा.

गोळी मातीतल्या अंड्यांना हात लावत नाही. माती तशीच राहिली तर गोल जंताचं प्रमाण साधारण वर्षभरात जवळपास पूर्वीइतकं होतं. हे आधीच सांगा. नाहीतर पुढच्या वेळी ‘मागची गोळी बनावट होती’ ही अफवा तुमच्याआधी पोहोचते.

वाटप करताना नेहमी चुकणाऱ्या गोष्टी:

- 1 वर्षाखालच्या बाळाला सरसकट मोहिमेत गोळी देत नाहीत. 1 ते 2 वर्षांच्या मुलाला अर्धी, म्हणजे 200 मिलिग्रॅम.
- 3 वर्षांखालच्या मुलाला गोळी कुटून, पाण्यात कालवून द्या. रडणाऱ्या मुलाचं नाक दाबून गोळी कोंबणं धोक्याचं, ती श्वासनलिकेत जाऊ शकते.
- गरोदरपणाच्या पहिल्या 3 महिन्यांत गोळी नको.
- पूर्वी फिट आली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मेंदूत फीतकृमीच्या गाठी असतील तर औषधाने त्यांच्याभोवती सूज येऊन पुन्हा फिट येऊ शकते.

आता गैरसमज. गोळी घेतल्यावर शौचातून जंत पडलेले दिसले नाहीत तर लोक म्हणतात, औषध लागूच पडलं नाही. पण हुकवर्म जेमतेम 1 सेंटिमीटर लांब असतो, तो नजरेला पडत नाही. उलट ज्या मुलाच्या पोटात जंत खूप असतात त्याला गोळीनंतर मळमळ, पोटदुखी, उलटी होऊ शकते, क्वचित तोंडावाटे जंत येतो. हे आदल्या दिवशी पालकांना सांगितलं तर ते घाबरत नाहीत. दुसऱ्या दिवशी सांगितलं तर तीच सारवासारव वाटते. मात्र पोट फुगलं, उलट्या थांबत नाहीत, शौच बंद झालं, तर जंतांच्या गुंत्याने आतडं अडलेलं असू शकतं. अशा वेळी थांबू नका, लगेच रुग्णालयात न्या.

रक्त कमी असलेल्या बाईला फक्त जंताची गोळी देऊन घरी पाठवणं हीसुद्धा चूकच. हुकवर्म आतड्याला चिकटून रक्त पितो. गोळीने गळती थांबते, पण गेलेलं लोह भरून यायला लोहाच्या गोळ्या काही महिने घ्याव्याच लागतात.

बारीक पांढऱ्या जंतांचं गणित वेगळं. एकट्या मुलाला औषध दिलं तर भावंडांकडून ते परत येतात. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध घ्यायचं आणि 2 आठवड्यांनी पुन्हा. त्याच दिवशी अंथरुण-पांघरुण गरम पाण्यात धुवायचं, नखं कापायची, मुलाला सकाळी उठल्या उठल्या आंघोळ घालायची. गोड खाल्ल्याने जंत होतात ही समजूत वादात पडून मोडत बसू नका. ‘गोड खाण्याआधी हात धुतले का?’ एवढं विचारा, मुद्दा पुढे सरकतो.

चूक: एका नमुन्यावर निकाल

एका मलनमुन्यात परजीवी सापडला नाही म्हणजे तो नाहीच असं होत नाही. जिआर्डिया तर काही दिवस बाहेर पडतो, काही दिवस नाही. एक दिवस सोडून एक असे 3 नमुने द्या. नमुना अंगठ्याच्या पेराएवढा पुरतो, पातळ असेल तर 2 चमचे. लघवी, पाणी किंवा माती मिसळू देऊ नका, म्हणजे जमिनीवरून उचलू नका, कागदावर धरा. पातळ शौच अर्ध्या तासात तपासलं नाही तर हालणारा अमीबा मरून जातो आणि निकाल चुकतो. अँटिबायोटिक चालू असताना दिलेला नमुनाही फसवतो.

बारीक पांढऱ्या जंतांसाठी मलतपासणी मुळात चुकीची जागा. सकाळी मूल शौचाला किंवा आंघोळीला जाण्याआधी पारदर्शक चिकटपट्टी गुदद्वाराच्या कडेला दाबून काचपट्टीवर चिकटवा, असं सलग 3 दिवस. शिबिरात वेगवेगळ्या जंतांची अंडी मोजणाऱ्यांना एक आठवण: काटो-काट्झ पद्धतीत (काचपट्टीवर मलाचा थर पसरून अंडी मोजतात ती) हुकवर्मची अंडी तासाभरात दिसेनाशी होतात. काचपट्टी केल्यापासून 30 ते 60 मिनिटांत वाचली नाही तर ‘हुकवर्म नाही’ असा निकाल लागतो, आणि तो खोटा असतो.

चूक: क्लोरीन टाकलं, पाणी सुरक्षित झालं

क्लोरीन जिवाणूंना मारतं. जिआर्डियाच्या कवचाला ते उशिरा लागू होतं, क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब करणाऱ्या एकपेशीय परजीवीला नेहमीच्या मात्रेत जवळपास होतच नाही, गोल जंताची अंडीही तगून राहतात. तुरटीने गाळ बसतो, तेवढंच. पाणी खळखळून 1 मिनिट उकळणं हा या सगळ्यांवरचा उपाय (समुद्रसपाटीपासून 2000 मीटरपेक्षा उंच ठिकाणी 3 मिनिटं). इंधन महाग पडत असेल तर निदान 5 वर्षांखालच्या मुलांचं पाणी उकळायला सांगा. सगळ्यांचं उकळा म्हटलं की कुणाचंच उकळलं जात नाही.

उकळलेलं पाणी बिघडतं ते हाताने. पेला बुडवला की बोटंही बुडतात. नळ असलेलं किंवा अरुंद तोंडाचं भांडं, नाहीतर लांब दांड्याचा ओगराळा वापरा. हाताला लावायचं अल्कोहोलचं सॅनिटायझर जंतांच्या अंड्यांवर आणि क्रिप्टोस्पोरिडियमवर चालत नाही. साबणाने 20 सेकंद चोळून, वाहत्या पाण्याखाली धुतलं तर ती निघून जातात.

चूक: हिवतापासाठी गटार साफ, पिंप उघडं

गटाराच्या घाण पाण्यात क्युलेक्स डास वाढतो, बऱ्याच शहरांत हत्तीरोग पसरवणारा तोच. शहरी हिवतापाचा ॲनॉफिलीस स्टिफेन्सी मात्र स्वच्छ साठवलेलं पाणी शोधतो: पिंप, टाकी, बांधकामावरचं पाणी. हा डास मूळचा दक्षिण आशिया आणि अरबस्तानाकडचा. 2012 साली तो आफ्रिकेत जिबूतीमध्ये सापडला. गटार उपसून थकलेल्या लोकांना ‘तुमच्या प्यायच्या पिंपातच आहे’ हे सांगणं अवघड, पण त्याशिवाय मोहिमेला अर्थ नाही.

अंड्यापासून डास व्हायला उष्ण हवेत साधारण 7 ते 10 दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडं पूर्ण रिकामं करून आतली बाजू घासून घ्यायची. नुसतं वरचं पाणी ओतलं तर तळाशी गेलेल्या अळ्या राहतात. पाणी टंचाईचं असेल तर ते फेकायला सांगू नका, कुणी ऐकणार नाही. दाट कापडातून दुसऱ्या भांड्यात गाळून घ्या, अळ्या कापडावर राहतात. झाकणाचं कापड ताणून बांधा, कारण सैल कापडाला कडेने फट पडते आणि डासाला तेवढी पुरते. हत्तीरोगाच्या रक्ततपासणीचं शिबिर दिवसा ठेवणं हीसुद्धा नेहमीची चूक. बहुतेक भागांत त्याचे सूक्ष्म कृमी रक्तात रात्री 10 ते 2 या वेळात दिसतात. दिवसाच तपासायचं असेल तर प्रतिजन (रक्तात उतरलेला कृमीचा अंश) शोधणारी पट्टी लागते.

चूक: ज्याच्याकडे संडास नाही त्याला ‘उघड्यावर जाऊ नका’

हा सल्ला लोकांना लाजवतो, बदल काही घडवत नाही. त्यांच्या हातात जे आहे तिथून सुरू करा. लहान मुलाची शी गटारात किंवा केरात न टाकता सामाईक संडासात टाकायची, हे बहुतेक घरांना जमतं. ‘बाळाची शी निरुपद्रवी’ ही समजूत मात्र मोडावी लागते, कारण जंतांचा भार बहुधा मुलांतच सर्वांत जास्त असतो.

सभेची वेळ पाण्याच्या वेळेवर ठेवली तर बायका येणार नाहीत, आणि भांडी, पाणी, मुलांची शी हे सगळं त्यांच्याच हातून जातं.

मोहिमेनंतर ‘हात केव्हा धुवावेत?’ असं विचारलं तर बरोबर उत्तर सगळेच देतात. त्यापेक्षा न सांगता एखाद्या दिवशी सामाईक संडासापाशी जा आणि पाहा: हाताला येईल अशा जागी साबण आहे का, तो ओला आहे का, बादलीत पाणी आहे का.