चौघींची भिशी आणि एक डिमॅट

डिचोलीत आम्ही चौघी दर महिन्याला पाचशे काढायचो. भिशीच ती, फक्त उचलायच्या ऐवजी शेअर घ्यायचे. तुम्हीही करणार असाल तर आधी हे ऐका.

शेअर ज्यात जमा राहतात त्या डिमॅट खात्यावर फार तर तीन नावं चढतात. आमची चौथी बाहेर! शेवटी खातं माझ्या एकटीच्या नावावर काढलं. म्हणजे कायद्याने शेअर माझे, नफ्यावरचा करही माझ्या पॅनवर. वर्षाच्या आत विकून नफा झाला तर २०टक्के, म्हणून वाटणी कर वजा करूनच करायची, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून चौघींच्या सह्या घ्या. नॉमिनीचं नावही भरा. माझ्या घरच्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पैसे पाठवायचे ते खात्याला जोडलेल्या माझ्याच बँकेतून, मैत्रिणीचं यूपीआय चालत नाही.

खरेदी करताना ‘मार्केट’ (मिळेल त्या भावाने) नको, ‘लिमिट’ निवडा आणि भाव स्वतः घाला. कमी उलाढालीच्या शेअरमध्ये मी घाईत ‘मार्केट’ दाबलं, स्क्रीनवर ४२ दिसत होते, पडले ४४ ला. दहाच शेअर, पण वीस रुपयांसाठी चवथीला गणपतीवर बांधलेल्या माटोळीखाली बसून बोलणी खाल्ली.

विकताना डीपी शुल्क, म्हणजे डिमॅट खातं सांभाळणाऱ्यांचं शुल्क, लागतं, एक शेअर विका की शंभर, तेवढंच. त्यामुळे थोडं थोडं विकू नका. आणि कुणी मध्येच बाहेर पडली तर कुठल्या दिवसाचा भाव धरायचा? आम्ही महिन्याचा शेवटचा शुक्रवार ठरवलाय, दुपारी साडेतीनला बाजार बंद झाल्यावरचा.