गोल्फ कार्ट मिसिंग मारतेय? कार्बोरेटर शेवटी खोला

अमेरिकेतल्या अटलांटाच्या दक्षिणेला आमचं पीचट्री सिटी. इथे कार्टसाठी जवळपास १०० मैल वेगळ्या वाटा आहेत, त्यामुळे किराणा आणायलासुद्धा कार्टच निघते. आमची क्लब कार कंपनीची कार्ट आहे, आत कावासाकीचं २८६ सीसीचं एक सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. कार्ट अडली की जो तो पाना घेऊन थेट कार्बोरेटरवर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागावर, तुटून पडतो. जरा दमानं घ्या.

पेडल दाबलं की स्टार्टर फिरतो, सोडलं की इंजिन बंद, अशी या गाड्यांची रचना. पेडल दाबून इंजिन फिरतच नसेल तर बॅटरी, सोलेनॉइड (स्टार्टरला करंट जोडणारा विजेचा स्विच), पेडलखालचा स्विच बघा. यात कार्बोरेटरचा काडीचाही दोष नाही.

इंजिन फिरतंय पण पेट घेत नाही? स्पार्क प्लग काढा. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर करंट नाही, नाहीतर पेट्रोल ओव्हर होतंय, म्हणजे गरजेपेक्षा जास्त येतंय.

पेट्रोल पोचत नसेल तर खरा चोर बहुतेक वेळा एक बारीक रबरी नळी असते. इथल्या पंपाला मोटर नसते. क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर त्याचा पडदा हलतो आणि ते ठोके ही नळी पोचवते. दोन्ही टोकांशी ती बोटांत वाकवून बघा. जुन्या रबराला केसाएवढ्या चिरा दिसतील. तेवढ्यानं पंप मेला. खात्री करायची तर पंपातून कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून बाटलीत सोडून स्टार्टर फिरवा, पेट्रोल पिचकारीसारखं थांबून थांबून यायला हवं. हे उघड्यावर करा, आणि प्लग जागेवर बसवूनच.

गाडी चालते पण चढावर दम टाकते, तेव्हा चोक (इंजिनात जाणारी हवा कमी करणारी झडप) थोडा ओढा. सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय: जेटमध्ये (कार्बोरेटरमधल्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यात) कचरा, नाहीतर कुठून तरी एअर घेतेय. आणखी बिघडली तर आधी एअर फिल्टर काढून झटका.

आता कार्बोरेटर. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं; हिवाळाभर गाडी उभी राहिली की त्याचा चिकट थर पायलट जेटमध्ये, म्हणजे इंजिन हळू फिरताना पेट्रोल देणाऱ्या छोट्या जेटमध्ये, बसतो. जेट उजेडाकडे धरा, भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. साफ करायला वायरमधली तांब्याची एक तार पुरे. टाचणी अजिबात नको, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की तो जेट गेला.

फ्लोट म्हणजे कार्बोरेटरमधला तरंगता भाग; पेट्रोल पुरेसं भरलं की वाट बंद करणाऱ्या त्याच्या नीडलचं टोकही निरखून बघा. त्यावर गोल खाच पडली असेल तर बदला, नाहीतर उभ्या गाडीत पेट्रोल ओव्हर होऊन इंजिनात उतरतं. ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलेपर्यंत किल्ली लावू नका.