जुनी रोड बाईक सिंगल-स्पीड करताना बॉटम ब्रॅकेट कसा बदलायचा

जुनी गिअरवाली रोड बाईक सिंगल-स्पीड, म्हणजे एकाच गिअरची, करायची ठरली की बहुतेक जण आधी गिअर बदलणारा डिरेलर काढतात, केबल ओढून फेकतात, आणि मग पेडल फिरवताना कटकट ऐकू आली की लगेच नवीन बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचे हात (क्रँक) ज्यावर फिरतात तो बेअरिंगचा भाग, थोडक्यात बीबी, मागवून मोकळे होतात. इथेच क्रम चुकतो. गिअरच्या सायकलीत चेन थोडी तिरकी चालली तरी खपून जातं, कारण ती तशी चालायलाच बनवलेली असते, पण सिंगल-स्पीडमध्ये पुढची चेनरिंग आणि मागचा कॉग, म्हणजे चेन बसते ती पुढची-मागची दातेरी चाकं, एका सरळ रेषेत हवेत, नाहीतर आवाज येतो, दाते झिजतात आणि चेन उतरू शकते. ही रेष म्हणजे चेनलाईन, ती फ्रेमच्या मध्यरेषेपासून मिमीमध्ये मोजतात, आणि ती ज्या दोन-तीन गोष्टींवर ठरते त्यातली एक म्हणजे बीबीच्या स्पिंडलची, म्हणजे मधल्या दांड्याची, लांबी. म्हणून माझं ठाम मत असं की आधी मागचं चाक पक्कं करा, मग चेनरिंग कुठे बसणार ते ठरवा, आणि बीबी सगळ्यात शेवटी विकत घ्या.

आधी मोजमाप, पाना नंतर

मागची चेनलाईन मोजायला चाक फ्रेममध्ये बसवा. दोन ड्रॉपआउटच्या, म्हणजे चाकाचा आस बसतो त्या फ्रेमच्या खाचांच्या, आतल्या बाजूंमधलं अंतर घ्या, त्याचं निम्मं करा, आणि त्यातून उजव्या ड्रॉपआउटच्या आतल्या बाजूपासून कॉगच्या दात्याच्या मध्यापर्यंतचं अंतर वजा करा. म्हणजे समजा फ्रेम १२६ मिमीची आहे, निम्मे ६३, आणि कॉग ड्रॉपआउटपासून २१ मिमी आत आहे, तर चेनलाईन झाली ४२. ट्रॅक हबची, म्हणजे एकाच कॉगच्या मागच्या हबची, चेनलाईन साधारण हीच, ४२ मिमी, पण जुन्या फ्रेममध्ये वॉशर टाकून बसवलेल्या चाकाचं काही सांगता येत नाही, त्यामुळे आपलं आपण मोजलेलं बरं.

पुढची मोजायची तर सीट ट्यूबच्या उजव्या बाजूपासून चेनरिंगच्या दात्याच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या आणि त्यात ट्यूबची अर्धी जाडी मिळवा. स्टीलच्या जुन्या फ्रेमची सीट ट्यूब बहुधा २८.६ मिमीची असते, म्हणजे १४.३ मिळवायचे. दोन चेनरिंगच्या जुन्या क्रँकवर बाहेरची रिंग साधारण ४६ च्या आसपास येते आणि आतली ४१ च्या आसपास. आता बघा, मागे ४२ आहे आणि आतल्या जागेवर ४१ मिळतंय, म्हणजे बाहेरची मोठी रिंग काढून एकच रिंग आतल्या बाजूला लावली की फक्त १ मिमीचा फरक राहतो आणि तेवढा चालतो. मी तर म्हणेन १ मिमीपर्यंत निर्धास्त राहा, २ मिमीपर्यंत निभतं, त्यापुढे दुरुस्त करा. एकेरी रिंगसाठी आखूड चेनरिंग बोल्ट लागतात, दुहेरीचे बोल्ट पूर्ण आवळले तरी रिंग सैलच राहते.

इतकं करूनही जमत नसेल तेव्हाच स्पिंडलच्या लांबीकडे वळायचं. स्पिंडल दोन्ही बाजूंना सारखा असेल तर तो २ मिमीने वाढला की उजवीकडे फक्त १ मिमी वाढतो, म्हणजे चेनरिंग ३ मिमी आत हवी असेल तर ६ मिमी आखूड स्पिंडल, ११३ च्या जागी १०७. पण आत आणताना रिंग आणि क्रँकचा हात चेनस्टेला, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीला, घासणार नाही ना ते बघा, नुसतं उभं करून नाही तर पेडलवर जोर टाकून, कारण जोर आला की फ्रेम आणि क्रँक थोडे वाकतात. आणि मागे फ्रीहब, म्हणजे गिअरचे अनेक कॉग बसतात तसा हब, असून त्यावर सिंगल-स्पीडचा किट असेल तर स्पेसर इकडचे तिकडे करून कॉगच सरकवा, बीबीला हात लावायची वेळच येणार नाही.

आटे ओळखा

इथे घाई केली तर फ्रेम जाते. शेलची, म्हणजे बीबी बसतो त्या फ्रेमच्या आडव्या नळीची, रुंदी व्हर्निअरने मोजा. ६८ मिमी असेल तर बहुतेक वेळा इंग्लिश म्हणजे बीएसए आटे, १.३७ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे, जपानी रोड बाईकवर जवळजवळ नेहमी हेच. ७० मिमी असेल तर इटालियन, ३६ मिमी आणि इंचाला २४, बियांकी, कोल्नागो वगैरेंवर. पण ६८ दिसलं म्हणून लगेच खुश होऊ नका, १९७० च्या दशकातल्या प्यूजोसारख्या फ्रेंच सायकलींचं शेलही ६८ च असतं आणि आटे मात्र ३५ मिमी आणि १ मिमी पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर), त्यात बीएसएचा कप, म्हणजे बेअरिंग धरणारी आटेदार वाटी, जबरदस्तीने घुसवला तर आटे संपले. जुन्या राले सायकलींवर इंचाला २६ आटे असलेलं स्वतःचंच माप सापडतं. कपच्या कडेवर बऱ्याचदा आकडे कोरलेले असतात, १.३७ x २४ किंवा ३६ x २४ किंवा ३५ x १, तेव्हा आधी चिंधीने पुसून नीट वाचा.

दिशेचं पण लक्षात ठेवा. बीएसएमध्ये उजव्या म्हणजे चेनच्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात, तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. डावा कप नेहमीसारखा. इटालियन आणि फ्रेंचमध्ये दोन्ही बाजू नेहमीसारख्याच. उलट्या आट्यांचं कारण असं की छर्रे कपात दाबाखाली फिरताना कपाला हळूहळू क्रँकच्या विरुद्ध दिशेने ढकलत राहतात, आणि उजव्या बाजूला सरळ आटे असले तर तो ढिला होत जातो. इटालियन फ्रेमवर उजवा कप सुटण्याची तक्रार ऐकू येते ती यामुळेच, तिथे मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक, म्हणजे आटे जखडणारा गोंद, लावायचं आणि जोरात आवळायचं.

क्रँक काढणे

बोल्ट काढा, मग आत टॉर्च मारून बघा. बोल्टखालचा वॉशर ग्रीसला चिकटून आतच राहतो, काळा पडलेला असतो त्यामुळे दिसत नाही, आणि तो तसाच ठेवून पुलर, म्हणजे क्रँक ओढून काढायचं हत्यार, लावला की पुलरचा दांडा स्पिंडलऐवजी वॉशरवर दाबतो, क्रँक हलत नाही आणि शेवटी क्रँकचे आटे उपटून पुलर हातात येतो. तेव्हा वॉशर काढायचा, आटे ब्रशने साफ करायचे, पुलरचा मधला दांडा पूर्ण मागे घ्यायचा आणि पुलर हाताने शेवटपर्यंत आत बसवायचा. दोन-तीन आट्यांवर लटकलेला पुलर कधीही फिरवू नका. बहुतेक क्रँकना २२ मिमीचा पुलर लागतो, पण जुन्या टीए कंपनीच्या क्रँकला २३ आणि स्ट्राँगलाईट कंपनीच्या क्रँकला २३.३५, ते आधी तपासा.

कॉटर पिनवाला, म्हणजे आडव्या खिळीने स्पिंडलला धरलेला, क्रँक असेल तर गोष्ट वेगळी. तिथे स्पिंडल गोल असतो, चौकोनी नाही, त्यामुळे नवा कार्ट्रिज बीबी, म्हणजे बेअरिंग आतच बंद असलेला, घेतलात तर क्रँकही नवाच घ्यावा लागेल.

काढण्याआधी एक माप घ्या

जुने दुहेरी चेनरिंगचे स्पिंडल बऱ्याचदा उजवीकडे थोडे लांब असतात, आणि आजचे कार्ट्रिज दोन्हीकडे जवळपास सारखे. म्हणून जुना स्पिंडल ११५ मिमीचा निघाला म्हणून नवा ११५ चा घेतला तर फसगत होते. शेलच्या उजव्या कडेपासून स्पिंडलच्या टोकापर्यंत मोजा. समजा २५ आले, शेल ६८ चं म्हणजे निम्मे ३४, एकूण ५९, दुप्पट ११८. चेनरिंग आहे तिथेच ठेवायची तर ११८ चा कार्ट्रिज लागणार, डावीकडे भले २२ च असोत. हे गणित कपावर पेनाने लिहून ठेवलं तरी चालेल, कप तसाही जाणारच आहे.

स्पिंडलच्या चौकोनी टोकाचा प्रकारही बघायला लागतो, त्याची जेआयएस आणि आयएसओ अशी दोन मापं आहेत. शिमानोचे क्रँक जेआयएस, जुने कॅम्पाग्नोलो आयएसओ. दोन्हींचा उतार सारखाच आहे पण टोकाची जाडी वेगळी, त्यामुळे जेआयएस क्रँक आयएसओ स्पिंडलवर चढवला तर तो ४ ते ५ मिमी जास्त आत जातो आणि उलट केलं तर तेवढाच बाहेर राहतो. एवढ्याने सगळी चेनलाईन पाण्यात जाते.

जुना बीबी बाहेर

डावीकडची लॉकरिंग आधी सोडा, हुक पान्याने, मग ॲडजस्टेबल कप. स्पिंडल आणि छर्रे ट्रेमध्ये घ्या. उजवा फिक्स्ड कप मात्र हट्टी असतो, वर्षानुवर्षं गंजून बसलेला, आणि त्याच्या दोन सपाट कडांवर साधा पाना टिकत नाही, घसरतो आणि कडा गोल करून टाकतो. आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा, शेल आतूनही ओलं होईल असं. बीएसए असेल तर एक हमखास उपाय आहे. १६ मिमीचा एक लांब बोल्ट शेलच्या आतून कपाच्या भोकातून बाहेर काढा, आत आणि बाहेर मोठे जाड वॉशर, आणि बाहेरून नट. आता नट घड्याळाच्या दिशेने आवळत जा, आधी तो कपाला घट्ट पकडतो आणि मग पकड इतकी होते की नटसोबत कपच फिरायला लागतो, आणि उलट्या आट्यांमुळे तीच दिशा त्याची सुटायची असते. लांब दांड्याचा पाना घ्या आणि अंगाचा जोर सावकाश लावा, झटके देऊ नका.

कप बाहेर आला की छर्रे फिरतात ती आतली वाट बघा, बोटाने चाचपा. कप आणि स्पिंडलची वाट गुळगुळीत असेल, खड्डे नसतील, तर बदलायचं कारणच नाही हो. पाव इंचाचे नवे छर्रे, प्रत्येक बाजूला ११, ताजं ग्रीस, आणि जुनाच बीबी पुढेही मस्त चालतो. फ्रेंच आट्यांच्या सायकलीला तर मी आधी हाच मार्ग सुचवेन, कारण नवा सुटा भाग शोधायला वेळ लागतो. नाहीच जमलं तर आट्यांची गरज नसलेले, दोन्हीकडून आवळून शेलमध्येच पकड घेणारे कार्ट्रिज मिळतात, आणि फिल वुड कंपनीचे वेगवेगळ्या आट्यांचे कप पण असतात.

शेल साफ करणे

यावर वेळ घालवा, मनापासून सांगतोय. सीट ट्यूबमधून उतरलेलं पाणी शेवटी इथेच साठतं, त्यामुळे आत गंजाची भुकटी, वाळलेलं ग्रीस, कधी जुन्या रंगाचे थर. तारेच्या ब्रशने आटे घासा, चिंधीने पुसा, पुन्हा घासा. मग नवा कप कोरडाच हाताने फिरवून बघा, बोटांनी चार-पाच आटे सहज जायला हवेत. अडत असेल तर आट्यांवर टॅप, म्हणजे आटे नीट करायचं हत्यार, फिरवून घ्या, जिथे ते आहे तिथून.

आणखी एक छोटी गोष्ट. शेलखाली प्लास्टिकचं केबल गाईड एका स्क्रूने लावलेलं असतं आणि तो स्क्रू आत डोकावतो. जुन्या बीबीचा स्पिंडल बारीक असल्याने तो लागत नव्हता, कार्ट्रिजचं अंग जाड, ते अडकतं. आता डिरेलरच्या केबलच नाहीत तर गाईड काढून टाका आणि भोकात आखूड स्क्रू लावा, म्हणजे खालून पाणी उडणार नाही.

नवा बसवणे

शेलच्या आणि कार्ट्रिजच्या आट्यांवर भरपूर ग्रीस. कार्ट्रिज उजव्या बाजूने घाला, बीएसए असेल तर घड्याळाच्या उलट दिशेने, आणि सुरुवातीचे आटे फक्त हाताने. डावीकडचा कपही थोडा लावून घ्या, त्याने कार्ट्रिज मधोमध राहतं आणि तिरकं चढत नाही. मग उजवी बाजू तिची कड शेलला टेकेपर्यंत आवळा, त्यानंतर डावी. डावा कप शेलच्या कडेला टेकलाच पाहिजे असं नाही, किंचित बाहेर राहिला तरी ठीक. टॉर्क ५० ते ७० न्यूटन मीटर. टॉर्क रेंच नसेल तर २५ सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकावर साधारण २० किलोचा जोर म्हणजे ५० होतो, हा अंदाज ठेवा. कार्ट्रिज आवळायच्या टूलचे दाते उथळ असतात, ते निसटू नये म्हणून क्रँकचा बोल्ट आणि मोठा वॉशर लावून टूल स्पिंडलवर दाबून धरता येतं.

क्रँक चढवताना चौकोन दोन्हीकडून स्वच्छ पुसा, बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावा आणि ३५ ते ५० न्यूटन मीटरला आवळा. चौकोनाला ग्रीस लावावं की नाही यावर जुने मेकॅनिकही भांडतात, मी कोरडं ठेवतो.

आता पुन्हा मोजा, पुढची आणि मागची चेनलाईन. चेन लावून मागून डोळा चेनच्या पातळीत आणून बघा, कॉगपासून रिंगपर्यंत सरळ दिसली पाहिजे. अजून एखाद-दीड मिमी चेनरिंग बाहेर हवी असेल तर कार्ट्रिजच्या उजव्या कडेखाली १ मिमीचा स्पेसर टाकता येतो, आत आणायला मात्र असा उपाय नाही. चेनचा ताण आडव्या ड्रॉपआउटमध्ये चाक मागेपुढे करून लावा, आणि क्रँक पूर्ण एक फेरी फिरवून बघा, कारण जुनी रिंग थोडी लंबगोल झालेली असते आणि एका जागी चेन ताठ, एका जागी सैल होते. सगळ्यात ताठ जागीही चेन अगदी तारेसारखी होऊ देऊ नका, बेअरिंगवर फुकट ताण येतो.

सायकलवरच्या पहिल्या एक-दोन फेरफटक्यांनंतर क्रँकचे बोल्ट परत आवळा. ढिल्या क्रँकवर सायकल चालवली तर ॲल्युमिनियमचा चौकोन आतून गोल होतो आणि मग तो कितीही आवळला तरी बसत नाही. आणि नवा बीबी टाकूनही कटकट येत असेल तर आधी चेनरिंगचे बोल्ट, पेडलचे आटे आणि सीटपोस्ट तपासा, स्टीलच्या फ्रेममधून आवाज फिरतो आणि कुठूनही आला तरी पायाखालूनच आल्यासारखा वाटतो.