भाड्याच्या गाडीने युकातान: माया नगरे, समुद्रकिनारे आणि विम्याचा काउंटर

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात माया संस्कृतीची प्राचीन नगरे जंगलात दूरदूर विखुरलेली आहेत. त्यांतली बहुतेक सकाळी आठला उघडतात आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास बंद होतात. कान्कुनच्या हॉटेलांतून निघणाऱ्या सहलीच्या बसगाड्या तिथे पोहोचेपर्यंत ऊन चढलेले असते आणि गर्दीही झालेली असते. हाताशी गाडी असेल तर सकाळचे पहिले दोन तास आपले असतात, आणि गाडी भाड्याने घेण्याचे माझ्या दृष्टीने तेवढे एकच कारण पुरेसे आहे. डिसेंबर २०२३ पासून माया रेल्वे सुरू झाली आहे. पण तिची अनेक स्थानके गावापासून लांब आहेत आणि तिथून पुढे वाहन शोधावेच लागते.

पारपत्र, व्हिसा, वाहन परवाना आणि हॉटेलांचे आरक्षण तुम्ही पाहिलेले आहे असे गृहीत धरून पुढचे लिहीत आहे. नोव्हेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ निवडावा.

मार्ग असा आखावा की आधी आतला प्रदेश आणि मग समुद्र. कान्कुनहून वायादोलिद, तिथून चिचेन इत्सा, वाटेत पिवळ्या रंगाचे इसामाल पाहून मेरिदा, मेरिदाहून उश्माल आणि काबा, मग पूर्ण दिवसाचा लांब पल्ला गाठून दक्षिणेला बाकालारचे सरोवर, आणि शेवटी उत्तरेला वर येत तुलुम. कोबाचे अवशेष तुलुमहून अर्ध्या दिवसात होतात. या वर्तुळाला आठ-नऊ दिवस तरी द्यावेत. चारच दिवस असतील तर बाकालार आणि मेरिदा सोडून द्यावे, पण धावत सगळे पाहण्याचा हट्ट करू नये.

गाडी ताब्यात घेणे

या प्रवासातला एकमेव अवघड टप्पा विमानतळाजवळच्या, गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या काउंटरवर येतो. प्रवासाविषयीचे बहुतेक सल्ले हा टप्पा एका ओळीत उरकतात, म्हणून मी त्याविषयी सविस्तर लिहिणार आहे.

संकेतस्थळांवर दिवसाला अगदी किरकोळ भाड्यात गाडी मिळत असल्याचे दिसते. ते भाडे केवळ गाडीचे असते. मेक्सिकोत दुसऱ्याच्या जिवाचे किंवा मालमत्तेचे नुकसान भरून देणारा विमा, म्हणजे आपल्याकडचा थर्ड पार्टी विमा, सक्तीचा आहे आणि तो त्या आकड्यात बहुधा धरलेला नसतो. काउंटरवर तो जोडला की भाडे अनेकपटींनी वाढते, आणि लांबच्या विमानप्रवासाने थकलेला, मुलांना सांभाळणारा माणूस पुढे येईल त्या कागदावर सही करतो.

विम्याचे तीन थर वेगवेगळे समजून घ्यावेत. पहिला थर दुसऱ्यांच्या नुकसानीचा. स्पॅनिशमध्ये त्याला ‘रेस्पोन्साबिलिदाद सिविल’ म्हणतात. दुसरा थर भाड्याच्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा. त्यात अपघात झाल्यास ठरावीक वाटा आपल्याला भरावा लागतो, आणि तो पुष्कळदा गाडीच्या किमतीच्या दहा टक्क्यांपर्यंत असतो. तिसरा थर टायर, काचा, आरसे अशा भागांचा. हे भाग दुसऱ्या थरातून अनेकदा वगळलेले असतात.

‘क्रेडिट कार्डावर विमा असतो, काउंटरवर काहीही घेऊ नका’ हा सल्ला अमेरिकेत राहणारे आपले लोक एकमेकांना सर्रास देतात आणि तो धोकादायक आहे. कार्डाचा विमा असलाच तर तो दुसऱ्या थराचा असतो. पहिल्या थराशी त्याचा संबंध नसतो. मेक्सिकोत अपघातात कोणी जखमी झाले तर जबाबदारी निश्चित होईपर्यंत पोलीस चालकाला ताब्यात ठेवू शकतात, आणि अशा वेळी नुकसानभरपाईची हमी देणारी विमा कंपनी पाठीशी नसेल तर परक्या देशात, परक्या भाषेत तुमची अवस्था फार कठीण होते. म्हणून पहिला थर पुरेशा रकमेचा घ्यावाच. या खर्चात काटकसर करणाऱ्याने बसनेच फिरावे.

दुसरा थर नाकारून कार्डावर विसंबायचे असेल तर तसे करता येते, पण त्यासाठी कार्ड देणाऱ्या बँकेचे मेक्सिकोचा स्पष्ट उल्लेख असलेले पत्र जवळ हवे. शिवाय कंपनी कार्डावर मोठी अनामत रक्कम अडकवून ठेवते, आणि तेवढी मर्यादा कार्डावर शिल्लक हवी. कार्ड चालकाच्याच नावाचे असले पाहिजे. डेबिट कार्ड किंवा भारतातून भरून नेलेले फॉरेक्स कार्ड अनामत रकमेसाठी सहसा घेत नाहीत. थेट भारतातून जाणारी कुटुंबे नेमकी इथेच अडतात. माझे मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने दुसरा थरही तिथेच घ्यावा आणि निर्धास्त गाडी चालवावी.

आरक्षण करण्यापूर्वी कंपनीला ईमेल करून थर्ड पार्टी विमा, कर आणि विमानतळ शुल्क धरून एकूण रक्कम पेसोंमध्ये किती होईल हे लेखी विचारावे. जी कंपनी सरळ आकडा कळवते तीच निवडावी, मग तिचे भाडे इतरांहून जास्त दिसले तरी चालेल. उत्तर छापून सोबत न्यावे. एका काउंटरवर मला ‘तुमच्या आरक्षणात हा विमा नाहीच’ असे ठामपणे सांगण्यात आले होते. त्यांच्याच कार्यालयाचा छापील ईमेल पुढे ठेवल्यावर तो विषय तिथेच संपला. फोनवर दाखवलेल्या ईमेलपेक्षा कागदाचा परिणाम अधिक होतो, हा माझा अनुभव आहे. सही करण्यापूर्वी शांतपणे एवढे विचारावे: ‘एस्ता इन्क्लुईदा ला रेस्पोन्साबिलिदाद सिविल?’ आणि होकार आला तर करारावर ती ओळ बोटाने दाखवायला सांगावी. पैसे भरताना यंत्राने रुपये किंवा डॉलरचा पर्याय दिला तर नाकारून पेसोच निवडावेत. रूपांतराचा तो दर आपल्या तोट्याचा असतो.

विमानतळाच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर पर्यटन माहितीचे फलक लावून उभी असलेली माणसे गाडीवर सवलत देऊ करतात. त्यांना हॉटेलात दरवर्षी काही दिवस राहण्याचा हक्क (टाइमशेअर) विकायचा असतो. तिथे थांबू नये.

गाडी हाती आली की उजेडात तिचे चहूबाजूंनी चित्रीकरण करावे. चाकांच्या कडा, पुढची काच आणि छपराचा भाग विसरू नये. जादा चाक, जॅक आणि नोंदणीचा कागद आहे याची खात्री करावी. वाटेत अपघात झालाच तर विमा कंपनीचा प्रतिनिधी येईपर्यंत गाडी जागेवरून हलवू नये आणि रस्त्यावर परस्पर तडजोड करू नये. तातडीच्या मदतीसाठी ९११ आणि महामार्गावर बिघाड झाल्यास ०७८ हे क्रमांक आहेत.

रस्त्यावर

वाहतूक उजव्या बाजूने चालते. पहिल्या दिवशी वळणांवर शेजारी बसलेल्याने चालकाला आठवण करत राहावे. गावांत शिरताना आणि बाहेर पडताना ‘तोपे’ म्हणजे गतिरोधक असतात. त्यांना रंग किंवा फलक असेलच असे नाही, आणि काही इतके उंच असतात की वेगात गेल्यास गाडीचा तळ आपटतो. याच कारणाने, आणि दिवे नसलेल्या सायकलींमुळे, अंधार पडल्यावर गाडी चालवू नये. पुढचा ट्रक डावा दिवा दाखवत असेल तर त्याचा अर्थ ‘पुढे जा’ असाही असतो आणि ‘मी डावीकडे वळतो आहे’ असाही. केवळ त्या दिव्यावर विसंबून कधीही ओव्हरटेक करू नये.

कान्कुन-मेरिदा टोलमार्ग रिकामा, सरळ आणि महाग आहे. टोलसाठी रोख पेसो ठेवावेत आणि त्यावर पंप कमी असल्याने टाकी भरून निघावे. पेट्रोल कर्मचारीच भरतो. मीटर शून्यावर आहे हे पाहावे आणि त्याला थोडी बक्षिसी द्यावी.

घड्याळाकडे लक्ष हवे. कान्कुन, तुलुम, कोबा आणि बाकालार ज्या किंताना रो राज्यात आहेत ते युकातान राज्याच्या एक तास पुढे आहे.

अवशेष

चिचेन इत्साला जायचे तर आदल्या रात्री वायादोलिदला मुक्काम करावा आणि दार उघडण्यापूर्वी रांगेत उभे राहावे. तिथे केंद्राचे आणि राज्याचे अशी दोन शुल्के भरावी लागतात. मोठ्या पिरॅमिडवर चढता येत नाही, त्याची खंत करू नये. चार बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या आणि वरची एक मिळून ३६५ होतात, हे खाली उभे राहूनच नीट कळते. रविवार टाळावा.

उश्माल आणि काबा यांना मात्र पूर्ण दिवस द्यावा. गाडी घेऊनही जो चिचेन इत्सा पाहून परत फिरतो त्याने गाडीचे पैसे वाया घालवले असे मी स्पष्ट म्हणेन. युकातानात इतरत्र ‘सेनोते’ म्हणजे चुनखडी खचून उघडी पडलेली भूजलाची कुंडे आहेत. पुउक टेकड्यांच्या या भागात ती नाहीत. इथल्या माणसांनी पावसाचे पाणी जमिनीखालच्या गिलावा केलेल्या टाक्यांत साठवले आणि त्यावर नगरे जगवली. दुष्काळी भागात वाढलेल्या कोणालाही त्या टाक्यांच्या तोंडाशी उभे राहिल्यावर हे किती मोठे काम होते ते समजेल. काबा येथील एका इमारतीचा सबंध दर्शनी भाग पाऊस देणाऱ्या चाक या देवाच्या मुखवट्यांनी भरलेला आहे, आणि पाण्याची ही गोष्ट माहीत असली की ती रांग केवळ नक्षी वाटत नाही.

कोबात आत सायकल भाड्याने घ्यावी. तुलुमचे अवशेष लहान आहेत. समुद्रकड्यावरची त्यांची जागा पाहण्यासाठी सकाळी जावे.

किनारे

साधारण एप्रिल ते ऑगस्टमध्ये कॅरिबियन किनाऱ्यावर सारगासम हे तपकिरी शेवाळ ढिगांनी येते. अशा वेळी समुद्राचा आग्रह सोडून बाकालारच्या गोड्या पाण्यात किंवा सेनोतेत पोहावे. सेनोतेत उतरण्याआधी अंघोळ करावी आणि अंगाला क्रीम लावू नये. बाकालारच्या काठावरचे खडकासारखे दिसणारे थर स्ट्रोमॅटोलाइट म्हणजे सूक्ष्मजीवांनी घडवलेल्या जिवंत रचना आहेत. त्यांवर पाय देऊ नये. शाकाहारी मंडळींनी घेवड्याची उसळ मागवताना त्यात डुकराची चरबी, ‘मांतेका’, आहे का हे विचारावे.

गाडी परत करताना विमानतळाजवळच्या पंपावर टाकी भरून पावती ठेवावी, पुन्हा चित्रीकरण करावे, आणि नुकसान नसल्याचा सही केलेला कागद हाती आल्याशिवाय तिथून निघू नये. अनामत रक्कम मोकळी होण्यास काही दिवस लागतात; ती झालेली दिसेपर्यंत करार आणि चित्रफिती जपून ठेवाव्यात.